देणाऱ्याची सही

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ससाणा मंडळाचे प्रमुख श्री. रूबेन ओस्टरगार्ड, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं आपल्या ससाणे पाळायच्या परवान्यांचे धनी असलेले श्री. क्लिफर्ड हॉगनसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या सौ. हॉगनबाई, चर्चचं हे सभागृह आपल्याला भाडं न घेता देणारे फादर बेनेश, आणि समोर खुर्च्यांवर बसलेल्या, तसंच मागे कॉफीच्या किटलीपाशी गर्दी करून उभ्या असलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. रूबेनने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय ते मला इथून दिसतंय. रूबेन, ते उलटं करून ठेव.

मी व्हर्ना पोकॉर्नी. बहुतेकजण मला ओळखता. एमेट पोकॉर्नींची बायको, आणि आठ फेब्रुवारीपासून त्यांची विधवा. शिक्षण म्हणाल तर हायस्कूलपर्यंत, पुढे घरकाम. मंडळाच्या फायली मी सांभाळते म्हणून मला बोलायला उभं केलंय असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. मला फादरनी उभं केलंय.

झालं असं की, ईस्टरच्या आधी मी पापनिवेदनाला गेले होते. फादर, मान खाली घालू नका. गुपित माझं आहे, ते मीच फोडतेय, तुमच्याकडे काही दोष येत नाही. मी म्हटलं, "फादर, एका माणसाचा मला इतका तिटकारा आलाय की रात्रीची प्रार्थना मध्येच तुटते." फादरनी नाव विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही, आमच्या गावात त्या महिन्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला वाटलं, प्रायश्चित्त म्हणून जपमाळ सांगतील. पण म्हणाले, "व्हर्ना, मे महिन्यात त्यांचा निरोप समारंभ आहे. तिथे उभी राहा आणि त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोल. आणि खोटं बोलायचं नाही."

मी म्हटलं, "फादर, जपमाळच द्या. शंभरदा म्हणते."

ते काही बधले नाहीत. तेव्हा आज मी इथे प्रायश्चित्तासाठी उभी आहे. चार शब्द हवेत. महिनाभर शोधले, तीन सापडले. चौथ्याचं शेवटी बघू.

पहिला शब्द, मेहनती. हे मी मनापासून म्हणते. आमचं पाखराचं घर, म्हणजे परसात एमेटनी फळ्या ठोकून बांधलेली ती दहा बाय बाराची खोली, हॉगनसाहेबांनी एमेटच्या हयातीत नऊ वेळा तपासली. दर वेळी तीच टेप, तीच भिंत, तोच आकडा. एमेट म्हणायचे, "व्हर्ना, भिंत रात्रीची चालायला जाते अशी शंका आहे त्यांना." एमेट गेल्यावर मी स्वतः शिकाऊ परवान्याचा अर्ज केला, सदुसष्टाव्या वर्षी, तर साहेब दहाव्यांदा आले. खोली तीच. पण अर्जदार नवीन, म्हणून मोजमाप नवीन. दांडी मोजली, खिडकीचे गज मोजले, वजनकाटा बघितला. मग म्हणाले, "पाखराच्या आंघोळीचं भांडं कुठाय?"

मी म्हटलं, "साहेब, स्वयंपाकघरात. धुवायला घेतलंय."

"भांडं खोलीत असायला हवं."

"दोन मिनिटांत आणते. अजून साबण लागलाय त्याला."

"तपासणीच्या वेळी भांडं खोलीत नव्हतं," असं लिहून ते गाडीत बसले. एकशे चाळीस मैल जाऊन पुढच्या मंगळवारी एकशे चाळीस मैल परत आले, ते भांडं बघायला. बघितलं, आणि गेले. इतकी मेहनत करणारा माणूस आपल्यापैकी कुणी पाहिलाय? हाताशी दोन मिनिटं असताना त्या जागी दोनशे ऐंशी मैल घालायचे, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

हसू नका. हसणाऱ्यांकडे मी येतेच आहे.

आता ओपलबद्दल थोडं. पाहुण्यांपैकी काहींना माहीत नसेल. ओपल ही आमची ससाण्याची मादी. आठ वर्षांपूर्वी रीतसर परवाना काढून एमेट चुनखडीच्या कड्यावरून दोर लावून उतरले आणि घरट्यातून दहा दिवसांचं पिल्लू घेऊन वर आले. म्हणजे पिल्लू वर आलं. एमेट शेवटच्या पाच फुटांवरून पडले आणि घोटा मोडून घेतला. सहा आठवडे पाय प्लास्टरात. मग त्या कापसाच्या बोळ्याला खायला कोण घालणार? जिला स्वयंपाक येतो ती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोक्यात ठेवलं, आणि दर तीन तासांनी लाव्याच्या मांसाचा बारीक खिमा करून चिमटीने भरवला. डोळे नुकते कुठे नीट उघडलेले, त्यांत पहिला चेहरा भरला तो माझा. ज्यांना पक्षी कळतात त्यांना पुढचं सांगायला नको. तेव्हापासून मी तिची आई आहे. मी परसात आले की अजून पिल्लासारखी ओरडते, आठ वर्षांची घोडी.

आणि एमेट कुबड्या घेऊन पहिल्यांदा खोलीत आले, तेव्हा तिने दोन्ही पंख पसरून खाण्यावर झाकण घातलं. एमेट दारात उभे. म्हणाले, "अगं, मी हिला कड्यावरून आणलं, पाय मोडला, आणि ही मला भाडेकरू समजते."

पुढे भाडेकरूशी तिचं चांगलं जमलं. सात हंगाम दोघांनी माळ पालथा घातला. ते तिला उडवायचे, मी तिचं वजन घ्यायचे. ससाण्याचा सगळा संसार वजनावर असतो हे इथे सांगायला नकोच. दहा ग्रॅम जास्त झालं की ती झाडावर बसून तुमची मजा बघते, वीस कमी झालं की अंगात जोर राहत नाही. रोज सकाळी सात वाजता काटा, आणि काट्यापाशी वही. तारीख, वजन, काय खाल्लं, किती खाल्लं, कुणी घातलं. आठ वर्षांच्या चार वह्या झाल्या. एमेटचं अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट, म्हणून वही माझी.

आठ फेब्रुवारीला दुपारी एमेट तिला घेऊन उत्तरेकडच्या माळावर गेले. तिला वर सोडलं आणि ते खाली कोसळले. हृदय. रूबेन रस्त्याने ट्रक घेऊन चालला होता, त्याला आकाशात ओपल दिसली. एकाच जागेवर घिरट्या घालत, कधी एमेट गवतातून रानकोंबडी उठवतात याची वाट बघत. वीस मिनिटं तरी बघत असणार. रूबेन तिथे पोचला आणि मला फोन केला. मी गेले. एमेटवर रूबेनने आपला कोट घातला होता. आणि ही वरच. रूबेनने शिटी घातली, मांसाचा तुकडा दोरीला बांधून फिरवला, खाली येईना. मग मी एमेटच्या हातातला हातमोजा काढला, माझ्या हातात घातला, आणि हाक मारली.

आली.

हे सगळं मी सांगणार नव्हते. पण पुढचं कळायला लागतं म्हणून सांगितलं.

आपल्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय की, परवानाधारक वारला तर त्याच्या बायकोने नव्वद दिवसांच्या आत पाखरू दुसऱ्या परवानाधारकाच्या नावावर करावं. नव्वद दिवसांनंतर त्याचं काय करायचं ते कार्यालय ठरवील. कार्यालयाने काय ठरवलंय तेही मला लेखी आलंय. राजधानीत शाळेच्या मुलांना दाखवायला काचेची एक खोली आहे, तिथे. आज सत्त्याऐंशीवा दिवस आहे. सोमवारी नव्वद भरतात.

तुम्ही म्हणाल, मग देऊन टाकायचं रूबेनला, रूबेन पारंगत परवान्याचा, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा माणूस आहे. दिलं होतं की! मार्चमध्ये चार दिवस तात्पुरतं त्याच्याकडे ठेवलं. माझ्याकडून गेली तेव्हा आठशे दहा ग्रॅम. रूबेनने लावा दिला, कबुतर दिलं, त्याच्या बायकोने तर माझा एप्रन घालून बघितला. चार दिवसांत सातशे दोन. पाचव्या दिवशी सकाळी रूबेन दारात उभा, हातावर ओपल, तिच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी, मान खाली गेलेली. म्हणाला, "व्हर्ना, कायदा मोडला तर मोडला. ही आज संध्याकाळपर्यंत टिकायची नाही." माझा आवाज ऐकला आणि टोपीतूनच ओरडली. तेव्हा काचेच्या खोलीत ती किती दिवस काढेल याचा हिशेब मला शिकवायला नको. पाच दिवस. फार तर सहा.

तर मग मी परवाना काढला. साठ प्रश्नांची परीक्षा, सत्तावन्न बरोबर. उरलेले तीन चुकले ते सरकारी कार्यालयाच्या रचनेबद्दलचे. पण नियम असा आहे की, माणसाला आई समजणारं पाखरू शिकाऊ माणसाच्या नावावर करायचं नाही. आणि खरं सांगते, नियम चुकीचा नाही. असं पाखरू नवख्याच्या डोळ्यांवर झेप घेऊ शकतं. पण ते ज्या माणसाला आई समजतं, तो माणूसच शिकाऊ असला तर? हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनात आलं नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने कधी स्वयंपाकघराच्या टेबलावर पाखरू वाढवलेलं नाही. दोन वर्षं शिकाऊ राहिले की मला पुढचा परवाना मिळेल, मग ती माझ्या नावावर होऊ शकते. प्रश्न आहे तो या दोन वर्षांचा.

मी ते पुस्तक तीनदा वाचलं. संध्याकाळी जपमाळ झाली की पुस्तक. आणि चौतिसाव्या पानावर मला वाट सापडली. पाखरू रूबेनच्या नावावर करायचं, आणि रूबेनने ते माझ्याकडे देखभालीला ठेवायचं. मी आता परवानाधारक आहे ना, शिकाऊ का असेना. एका वेळी एकशे वीस दिवस ठेवता येतं. एकशे विसाव्या दिवशी मी ते घेऊन रूबेनच्या ओसरीवर बसायचं, कॉफी प्यायची, आणि नव्या कागदावर घरी परत आणायचं. दोन वर्षांत सहा वेळा कॉफी. कुणाचा नियम मोडत नाही, कुणाचं नुकसान नाही. फक्त कागदावर कार्यालयाची सही लागते. त्या खुर्चीवर बसलेल्या गृहस्थांची.

दुसरा चांगला शब्द इथे येतो. हॉगनसाहेबांचं अक्षर सुंदर आहे. माझे कागद तीनदा परत आले, तीनही वेळा वर पिवळी चिठ्ठी होती, आणि त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर असं, की चौकट करून भिंतीवर लावावं.

पहिली चिठ्ठी: "निळी शाई. काळी हवी." ठीक. माझी चूक. बारा दिवस गेले.

दुसरी चिठ्ठी: "देणाऱ्याची सही नाही."

मी फोन केला. म्हटलं, "साहेब, देणारा वारलाय."

"ते मला ठाऊक आहे, बाई. मृत्यूचा दाखला तुम्ही जोडलाय. व्यवस्थित जोडलाय."

"मग सही कोण करणार?"

"रकाना देणाऱ्याचा आहे."

"मी करू का? मी त्यांची बायको."

"बायको म्हणून नाही. वारस म्हणून करता येईल. वारस असल्याचा कोर्टाचा कागद लागेल."

"तो यायला महिना लागतो, साहेब. तोवर एक करू? हा कागद मी एमेटच्या थडग्यावर ठेवते, वर दगड ठेवते. सकाळी सही झालेली असली तर पाठवते."

"बाई, चेष्टा नको," साहेब म्हणाले. "रकाना रिकामा ठेवता येत नाही."

त्रेचाळीस वर्षं मी त्या माणसाची बायको होते. ते उन्हातान्हात पाखरं उडवत होते तेव्हा त्यांच्या प्रत्येक वार्षिक अहवालावर, खाली सही सोडून सगळं मी लिहिलं होतं. आणि शेवटी मी कोण, तर रिकामा रकाना. त्या रात्री माझी प्रार्थना तुटली ती पहिली.

कोर्टाचा कागद आला. तिसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. माझ्या हातून मोठी चूक कुठली झाली म्हणाल तर ही. मला वाटलं, माझ्याकडे देखभाल देताना साहेबांच्या मनात शंका नको, म्हणून त्या चार वह्या सोबत जोडल्या. आठ वर्षांचं रोजचं वजन. एकही सकाळ चुकलेली नाही. ख्रिसमसची नाही, माझ्या आईच्या अंत्यविधीच्या दिवसाचीही नाही. म्हटलं, या वह्या बघून दगडसुद्धा म्हणेल की या बाईला पाखरू कळतं.

हॉगनसाहेबांनी वह्या वाचल्या. सगळ्या वाचल्या, मेहनती आहेत हे सांगितलंच. आणि शेवटच्या रकान्यात, "कुणी घातलं" त्याखाली, आठ वर्षं रोज व्ह. पो., व्ह. पो., व्ह. पो. असं बघून तिसरी चिठ्ठी आली: "परवाना नसलेल्या व्यक्तीने सलग पंचेचाळीस दिवसांहून अधिक काळ देखभाल केल्याचे दिसते. खुलासा करावा."

म्हणजे बघा. मी आईपणाचा पुरावा पाठवला, त्यांनी गुन्ह्याची कबुली म्हणून तो ठेवून घेतला.

परत फोन. त्यात त्यांनी विचारलं, "परवानाधारकाच्या मृत्यूच्या वेळी पक्षी कुठे होता?"

"आकाशात."

"कुणाच्या ताब्यात?"

मी म्हटलं, "साहेब, देवाच्या. त्याच्याकडे कुठला परवाना आहे ते मी विचारलं नाही."

"आणि खाली कुणी घेतला?"

"मी."

मग कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज. सौ. हॉगनबाई, तुम्हाला वाईट वाटत असेल तर मला क्षमा करा. पण तो लिहिण्याचा आवाज मी ऐकलेला आहे.

आता हसणाऱ्यांकडे येते.

बंधूंनो, तुम्ही सगळे शूर. हातावर जीवघेणी नखं घेऊन फिरता, वादळात पाखरू हरवलं तर तीन तीन दिवस ट्रकमध्ये झोपता. पण गेली एकतीस वर्षं मी या सभागृहात बघतेय. हॉगनसाहेब आत आले की सगळे उभे. "होय साहेब, बरोबर साहेब." आणि बाहेर गाड्यांपाशी जी भाषा चालते ती मी फादरसमोर बोलू शकत नाही. याचं आंघोळीचं भांडं, त्याच्या पाखराच्या पायातल्या कड्याचा नंबर, अमक्याचं पाखरू नव्या नियमाने जप्त झालं, सगळं गाड्यांपाशी. माझे कागद तीनदा परत आले तेव्हा सतराजणांनी मला भेटून सांगितलं, "व्हर्ना, फार वाईट झालं." सतरा. मी मोजले. त्यांपैकी एकाने तरी पोस्टाचं एक तिकीट लावून साहेबांना दोन ओळी लिहिल्या? रूबेनने लिहिल्या. तोही पारंगत, म्हणून पहिल्या वेळी निळ्या शाईत.

या सरकारी पुस्तकात पाखराच्या दांडीची जाडी लिहिलेली आहे, गजांमधलं अंतर लिहिलेलं आहे, पाण्याचं भांडं किती खोल ते लिहिलेलं आहे. पण पाखरू खाईना तर काय करायचं, हे नाही. ते ज्यांना ठाऊक होतं त्यांनी कुणीच तोंड उघडलं नाही, म्हणून पुस्तक असं झालं. त्यात हॉगनसाहेबांचा दोष निम्माच. उरलेला निम्मा आज तुम्ही किटलीपाशी वाटून घ्या.

तिसरा शब्द. प्रामाणिक. हाही खरा आहे. दहा तपासण्यांत मी दहा वेळा कॉफी पुढे केली, ताज्या कोलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या गोड पावांच्या बशीसकट. जर्दाळूचे एकदा, खसखशीचे एकदा. साहेबांनी कधी स्पर्श केला नाही. "नियमात बसत नाही, बाई." एकदा बाहेर उणे वीस होतं, त्यांच्या मिशीवर बर्फ होतं, तरी नाही. या माणसाने एकतीस वर्षांत कुणाकडून काही घेतलं नाही, आणि कुणाला काही दिलंही नाही. हिशेब अगदी चोख.

आज मात्र त्यांनी माझे दोन कोला खाल्ले. जर्दाळूचे. आणि मी इथे उभी राहिल्यावर तिसरा उचलून परत ठेवला. खा, साहेब. आता त्याच्या बदल्यात कुणाला काही मागायचं नाही.

मागायचं नाही म्हणते, पण ते पूर्णपणे खरं नाही. आणि मला खोटं बोलायचं नाहीये.

मंडळाच्या वतीने साहेबांना जे पेन भेट द्यायचं ठरलं, ते आणायचं काम माझ्याकडे होतं. ते या डबीत आहे. रूबेन, दे त्यांना. आत्ताच दे, शाल नंतर. चांगलं पेन आहे. मी त्यात शाई भरून आणलीय. काळी.

आणि हा कागद. चौथ्यांदा. काळ्या शाईत, ठळक अक्षरात. मृत्यूचा दाखला, कोर्टाचा कागद, माझा परवाना, रूबेनचा परवाना, आणि वह्यांबद्दलचा माझा खुलासा. खुलासा एका ओळीचा आहे: "मी तिला भरवलं, कारण तिला भूक लागली होती." देणाऱ्याच्या रकान्यात माझी सही आहे, वारस म्हणून. घेणाऱ्याच्या रकान्यात रूबेनची. खाली एक रकाना उरलाय.

तुम्ही म्हणाल, आज शुक्रवार, कार्यालय पाचला बंद झालं. पण साहेब, मार्चमध्ये मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं की तुमचा नव्वदावा दिवस किती वाजता संपतो. तुम्ही सांगितलं होतं, "दिवस म्हणजे मध्यरात्रीपर्यंत, बाई. कार्यालयाची वेळ आणि दिवस या वेगळ्या गोष्टी." मी ते वहीत लिहून ठेवलं. तुमच्या नोकरीचा शेवटचा दिवस आज आहे, मध्यरात्रीपर्यंत. आत्ता सहा पंचवीस झालेत. शिक्का लागत नाही, पान चौतीस. तुमच्या जागेवर नवा माणूस जूनच्या आधी यायचा नाही, हेही तुमच्याच पत्रात आहे. तेव्हा ही सही या जगात फक्त एक माणूस करू शकतो, आणि तो माणूस जर्दाळूच्या कोलाकडे बघतोय.

मी दया मागत नाही. एमेटसाठीही नाही, त्यांना आता काही लागत नाही. मी फक्त एवढं सांगते, की आज सकाळी सात वाजता ओपलचं वजन आठशे बारा ग्रॅम भरलं. सोमवारी सकाळीही मी वजन करीन. मंगळवारचं पान मी अजून आखलेलं नाही.

फादर, तुम्ही चार शब्द सांगितले होते. मेहनती, सुंदर अक्षराचे, प्रामाणिक. चौथ्यासाठी मी महिनाभर शोधलं आणि मला मिळाला नाही, म्हणून ती जागा मी मोकळी ठेवून आले. तो शब्द मी लिहू शकत नाही, तो साहेबांनाच लिहावा लागेल. आणि साहेब, रकाना रिकामा ठेवता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत.

बाकी, हॉगनसाहेबांना आणि सौ. हॉगनबाईंना पुढचं आयुष्य आरोग्याचं जावो, देव त्यांना भरपूर कॉफी आणि थोडे कागद देवो. अध्यक्षांनी घड्याळ उलटं ठेवलं त्याबद्दल त्यांचे आभार. फादरच्या सभागृहाचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे, किटली सतत भरलेली ठेवणाऱ्या बायकांचे आभार. मी कमी शिकलेली बाई आहे, बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जास्तीचा गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला, आणि मला खाली बसायची परवानगी द्या.

बसूनच करा, साहेब, उठायची गरज नाही. टेबल पुढे सरकव रे रूबेन, त्यांचा हात पोचत नाहीये.

टोपण ओढू नका. फिरवा.